साप चावला तर?

मुलांनो, उसाच्या मळ्यात शिरताना तुम्हांला कधी सापाची भीती वाटली आहे का? बहुतेक नसेल. खेळताना चेंडू उसात गेला, तर तुम्ही सरळ आत घुसता आणि चेंडू घेऊन येता. पायात चप्पल आहे की नाही, हेही पाहत नाही. मॉरिशसमध्ये हे खपून जाते. आपल्या बेटाच्या जमिनीवर माणसाचा जीव घेईल असा एकही विषारी साप राहत नाही.

मग आपल्याकडे साप मुळीच नाहीत का? आहेत. कुंडीतील माती उकरताना कधी कधी गांडुळासारखा काळसर, चकचकीत जीव वळवळताना दिसतो. तो गांडूळ नसून वाळा नावाचा साप असतो. तो एका वितीपेक्षाही लहान असतो आणि मुंग्यांची अंडी खातो. दुसरा आहे कवड्या साप. तो रंगाने तपकिरी असून त्याच्या अंगावर पांढुरके पट्टे असतात. रात्री तो भिंतीवरच्या पालींच्या मागे लागतो. हे दोन्ही साप मूळचे आपल्या बेटावरचे नाहीत. ते बाहेरून आले. राउंड आयलंड या छोट्या बेटावर मात्र एक बोआ साप मूळचाच आहे. तो बिनविषारी असून फार दुर्मिळ आहे. त्याची संख्या वाढावी म्हणून २०१२ साली काही बोआ साप कोआं दे मीर बेटावर नेऊन सोडण्यात आले. म्हणजे आपल्याकडे साप माणसाला धोका नाही, उलट माणसालाच त्या सापाला जपावे लागते!

तर मग साप चावण्याविषयीचा हा धडा आपल्याला कशाला हवा?

आपले पणजोबा-खापरपणजोबा ज्या कोकणातून जहाजाने इकडे आले, त्या कोकणात विषारी साप आहेत. आजही आपल्यातील काही कुटुंबे सुटीत महाराष्ट्रात जातात. आपली शाळेची हिवाळी सुटी जुलै-ऑगस्टमध्ये येते. नेमका त्याच वेळी कोकणात मुसळधार पाऊस पडत असतो. भाताची लावणी चालू असते, बिळांत पाणी शिरते आणि उंदरांच्या मागोमाग साप घराजवळ येतात. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे दगावली, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. त्यांतील निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या पावसाळ्याच्या महिन्यांत झाले. मरण पावलेल्यांत पाव भागाहून अधिक पंधरा वर्षांखालील मुले होती, म्हणजे तुमच्याएवढी.

तेथील मुलांना लहानपणापासून कानावर पडून पडून बरेच माहीत असते. तुम्हांला ते माहीत नसते, म्हणून तुम्ही तेथे अधिक सावध राहिले पाहिजे.

महाराष्ट्रात सापांच्या पुष्कळ जाती आहेत. त्यांतील बहुतेक बिनविषारी आहेत. माणसाला सर्वांत जास्त धोका चार सापांपासून होतो: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. नाग तुम्हांला चित्रात पाहूनही ओळखता येईल. तो फणा काढून उभा राहतो. घोणस जाड असतो. त्याच्या पाठीवर साखळीसारखी नक्षी असते. तो चिडला की कुकरच्या शिट्टीसारखा मोठा आवाज काढतो. फुरसे हातभरच लांब असते, पण भारी तापट! ते अंगाची वळी करून खवले एकमेकांवर घासते आणि करवतीसारखी करकर ऐकू येते. कोकणात, विशेषतः रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत, फुरसे पुष्कळ आढळते. दगडाखाली, पालापाचोळ्यात ते पडून असते आणि मातीच्या रंगात मिसळून जाते.

चौथा साप मण्यार. त्याच्याविषयी थोडे अधिक सांगावे लागेल.

मण्यार काळीभोर, चकचकीत असते. तिच्या अंगावर पांढरे बारीक पट्टे असतात. आता तुमच्या लक्षात आले का? पट्टे तर आपल्या कवड्या सापालाही असतात! मण्यार आणि कवड्या यांची गल्लत महाराष्ट्रातील मोठी माणसेसुद्धा करतात. कवड्याचे पट्टे डोक्याकडे ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे उलट असते. पण हा फरक दिव्याच्या उजेडात, पळणाऱ्या सापावर पाहायला कोण थांबणार? आणि थांबूही नये. मॉरिशसमध्ये कवड्याला शेपटीला धरून बाहेर टाकणारा मुलगा कोकणात तेच करायला गेला, तर हातात मण्यार येईल. म्हणून तेथे पट्ट्यांचा कोणताही साप दिसला, तर चार पावले मागे सरावे आणि मोठ्यांना हाक मारावी.

मण्यार दिवसा सहसा दिसत नाही. ती रात्री फिरते. उंदीर, पाली आणि दुसरे साप शोधत ती घरात येते. जमिनीवर अंथरूण घालून झोपलेल्या माणसाचा हात किंवा पाय तिच्या अंगावर पडला, की ती चावते. तिचे दात इतके बारीक असतात, की पुष्कळदा झोपलेल्याला जागही येत नाही. जखम दुखत नाही, सुजत नाही. दाताची खूण शोधूनही सापडत नाही. पहाटे मुलाचे पोट दुखू लागते, उलटी होते. घरातील माणसांना वाटते, रात्रीचे जेवण बाधले असेल. मग मुलाच्या पापण्या जड होतात. डोळे उघडता येत नाहीत. थुंकी गिळता येत नाही, बोलणे अडखळते. त्यानंतर श्वास अडू लागतो.

विष शरीरात काय करते, हे आता पाहू या. आपण हात हलवतो, डोळे उघडतो, श्वास घेतो, तेव्हा मेंदूचा निरोप नसांमधून स्नायूंकडे जातो. नाग आणि मण्यार यांचे विष हा निरोप वाटेतच अडवते. म्हणून प्रथम पापण्यांसारखे लहान स्नायू थकतात आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. नाग चावला तर त्याबरोबर जखमही दुखते आणि सुजते. घोणस आणि फुरसे यांचे विष वेगळे काम करते. आपल्याला खरचटले, तर थोड्या वेळाने रक्त गोठते आणि वाहायचे थांबते. या विषाने रक्ताचा हा गुणच नाहीसा होतो. चावलेली जागा भराभर सुजते, फार दुखते. हिरड्यांतून, जखमेतून रक्त येत राहते. घोणसाच्या विषाने मूत्रपिंडेही निकामी होऊ शकतात.

हे वाचून घाबरून जाऊ नका. या सर्वांवर औषध आहे. साप चावल्यापासून ते औषध शरीरात जाईपर्यंतचा वेळ मात्र वाया जाता कामा नये.

असे समजा, की तुम्ही कोकणात नातेवाइकांच्या घरी आहात. संध्याकाळ झाली आहे. तुमच्याबरोबरचा मुलगा न्हाणीच्या चुलीसाठी लाकडे आणायला गेला आणि ओरडला, ‘‘काहीतरी चावलं!’’ तुम्ही काय कराल?

आधी त्याला तेथून बाजूला घ्या आणि मोठ्या माणसांना हाक मारा. साप शोधत बसू नका. काठी घेऊन त्याच्या मागे जाऊ नका. सापाला मारायला गेलेल्यालाच साप चावला, असे पुष्कळ वेळा घडले आहे. मग मुलाला खाली बसवा किंवा निजवा. त्याला चालू देऊ नका, धावू तर मुळीच देऊ नका. चालताना पायाचे स्नायू हलतात आणि विष शरीरात लवकर पसरते. त्याला धीर द्या. ‘‘घाबरू नकोस, आपण दवाखान्यात जातो आहोत’’ एवढे म्हटले तरी फरक पडतो. चावणारा प्रत्येक साप विषारी नसतो आणि विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी तो विष सोडतोच असे नाही.

त्याच्या बोटात अंगठी, हातात कडे, कमरेला करदोरा, पायात पैंजण किंवा बूट असेल, तर ते लगेच काढा. सूज आल्यावर ते निघत नाहीत आणि मांसात रुततात. हात मोडल्यावर जशी पट्टी बांधतात, तशी चावलेल्या हाताला किंवा पायाला फळी लावून सैल बांधा, म्हणजे तो हलणार नाही. ओढणी किंवा टॉवेल यासाठी चालतो. किती वाजले आहेत, ते पाहून ठेवा. डॉक्टर ते नक्की विचारतील.

आता काय करू नये, हेही ऐका. सिनेमात साप चावला की नायक काय करतो? दोरी करकचून आवळतो, चाकूने चिरा देतो आणि तोंडाने विष शोषून थुंकतो. हे तिन्ही प्रकार चुकीचे आहेत. दोरी आवळली, तर त्याखालच्या भागाचे रक्त थांबते आणि हात किंवा पाय कापावा लागण्याची वेळ येते. चिरा दिला, तर घोणस किंवा फुरसे चावलेल्या माणसाचे रक्त थांबता थांबत नाही. चोखून विष बाहेर येत नाही, ते केव्हाच आत गेलेले असते. जखमेवर बर्फ, चुना, पाला, शेण असे काहीही लावू नका. रोग्याला दारू किंवा झाडपाल्याचा काढा पाजू नका.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगते. आपल्या समुद्रात, खडकांजवळ, लाफ नावाचा विषारी मासा असतो. त्याचा काटा पायात गेला, तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवतात, हे तुम्ही घरी ऐकले असेल. लाफच्या विषावर तो उपाय चांगला आहे, कारण ते विष उष्णतेने नष्ट होते. सर्पदंशावर तो मुळीच चालत नाही. गरम पाणी करायला पाच मिनिटेसुद्धा घालवू नका.

कोणी म्हणेल, ‘‘गावात मांत्रिक आहे. त्याने कितीतरी माणसे वाचवली आहेत.’’ तो वाचवतो असे लोकांना का वाटते? आधीच सांगितले, की कितीतरी वेळा चावलेला साप बिनविषारी असतो किंवा त्याने विष सोडलेलेच नसते. अशी माणसे मंत्राशिवायही बरी झाली असती. त्यांची गोष्ट गावभर सांगितली जाते. ज्याच्या अंगात खरोखर विष गेले, तो मांत्रिकाच्या अंगणात दोन तास पडून राहतो आणि दवाखान्यात पोचायला उशीर होतो. अशा वेळी पाहुण्या मुलाने बोलावे का, असा प्रश्न तुम्हांला पडेल. बोलावे. ‘‘काका, आधी दवाखान्यात नेऊ या’’ असे नम्रपणे, पण पुन्हा पुन्हा म्हणावे.

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाला फोन केला, की रुग्णवाहिका येते. ती यायला वेळ लागणार असेल, तर मिळेल त्या वाहनाने निघावे. मोटारसायकल असली तरी चालेल. एकाने चालवावी, चावलेल्याला मध्ये बसवावे आणि तिसऱ्याने मागून धरावे. रोग्याला उलटी होत असेल किंवा गुंगी येत असेल, तर मात्र त्याला कुशीवर निजवूनच न्यावे.

दवाखान्यात गेल्यावर डॉक्टर प्रथम काय विचारतील? ‘‘कोणता साप होता?’’ असे विचारतील, पण उत्तर आले नाही तरी त्यांचे काम अडत नाही. मेलेला साप पिशवीत घालून आणण्याची गरज नाही. मेलेल्या सापाच्या दातांनीही विष लागू शकते! सापापेक्षा रोग्याचे शरीरच डॉक्टरांना जास्त सांगते. ते मुलाला म्हणतात, ‘‘वर छताकडे बघत राहा.’’ पापण्या खाली पडतात का, ते पाहतात. जीभ बाहेर काढायला सांगतात. मान उचलायला सांगतात. एका श्वासात एक, दोन, तीन असे आकडे मोजायला लावतात. मघाशी वीसपर्यंत मोजणारा मुलगा आता दहालाच थांबला, तर श्वासाचे स्नायू थकत आहेत हे त्यांना कळते.

रक्ताची परीक्षा तर फार सोपी आहे. थोडे रक्त काढून ते काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत घालतात आणि नळी वीस मिनिटे न हलवता ठेवतात. नंतर ती हळूच तिरकी करतात. रक्त गोठून तळाशी बसलेले असेल तर ठीक. ते पाण्यासारखे वाहू लागले, तर घोणस किंवा फुरशाचे विष अंगात गेले आहे असे समजतात. मोठे यंत्र नाही, वीज नाही. लहान गावातील दवाखान्यातही हे करता येते.

शरीरात विषाची लक्षणे दिसली, की औषध देतात. त्याला प्रतिविष म्हणतात. ते कसे बनते, ते ऐकण्यासारखे आहे. आल्बेर काल्मेत या फ्रेंच डॉक्टरांनी १८९० नंतरच्या काही वर्षांत हे औषध शोधण्याचे मोठे काम केले. सापाचे थोडे थोडे विष घोड्याला टोचतात. ते इतके कमी असते, की घोडा मरत नाही. त्याचे शरीर त्या विषाशी लढणारे पदार्थ तयार करते. मग घोड्याचे थोडे रक्त काढून त्यातून ते पदार्थ वेगळे करतात. मुंबईतील परळच्या हाफकिन संस्थेने हे काम अनेक वर्षे केले आहे. पण त्यासाठी सापाचे विष कोण आणून देते? तमिळनाडूतील इरुला जमातीचे लोक साप पकडण्यात तरबेज आहेत. १९७८ साली त्यांनी सहकारी संस्था काढली. ते साप पकडतात, काही वेळा त्यांचे विष काढतात आणि साप पुन्हा रानात सोडून देतात. पूर्वी कातड्यासाठी साप मारणारे हात आता औषधासाठी साप सांभाळतात.

भारतातील प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर एकच असते. म्हणून साप ओळखला नाही तरी उपचार थांबत नाहीत. ते सलाईनमधून शिरेत सोडतात. सुरुवातीला साधारण दहा कुप्या लागतात. आता एक प्रश्न विचारते. तापाचे औषध लहान मुलांना मोठ्यांपेक्षा कमी देतात. मग सर्पदंश झालेल्या सात वर्षांच्या मुलीला प्रतिविष किती द्यायचे? मोठ्या माणसाइतकेच! सापाने चावताना समोर मूल आहे की मोठा माणूस आहे, हे पाहून विष कमी सोडलेले नसते. औषध विषाच्या मापाने द्यायचे असते.

या औषधाने काहींच्या अंगावर गांधी उठतात, खाज सुटते, कधी श्वासही लागतो. म्हणून ते घरी द्यायचे नसते. डॉक्टर त्यावरचे इंजेक्शन हाताशी ठेवून रोग्याजवळ बसतात. मण्यार चावलेल्याचा श्वास थांबू लागला, तर त्याला श्वास देणाऱ्या यंत्रावर ठेवतात. प्रतिविष पुढचे नुकसान थांबवते, पण मण्यारीच्या विषाने आधीच बिघडलेल्या नसा भरून यायला काही दिवस लागतात. तोवर यंत्र त्याच्यासाठी श्वास घेते. डोळेही न उघडणारी मुले अशी बरी होऊन चालत घरी गेली आहेत.

काहीच लक्षणे नसली तरी डॉक्टर एक पूर्ण दिवस दवाखान्यात ठेवून घेतात. ‘‘मला काही झालं नाही, मी घरी जातो’’ असा हट्ट तेव्हा करू नये. मण्यारीचे विष कधी कधी कित्येक तासांनंतर जाणवते.

कोकणात असताना रात्री अंगणात जायचे झाले, तर बॅटरी घेऊन आणि बूट घालून जा. चप्पल किंवा बूट घालण्याआधी झटकून पाहा. लाकडांच्या ढिगात, दगडांच्या फटीत, गवतात हात घालू नका. चेंडू तेथे गेला, तर काठीने ओढा. जमिनीवर झोपायचे असेल, तर मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचा. डास अडवणारी ती जाळी मण्यारीलाही अडवते. आणि पहाटे पोट दुखून जाग आली, डोळे जड वाटले, तर ‘‘थोडं झोपतो, बरं वाटेल’’ असे म्हणू नका. लगेच घरातल्यांना उठवा.

स्वाध्याय

१. मॉरिशसमधील कवड्या साप आणि कोकणातील मण्यार यांत सारखे काय आहे? त्यामुळे कोणता धोका होतो?

२. साप चावल्यावर अंगठी, पैंजण लगेच का काढावे?

३. रक्त काचेच्या नळीत वीस मिनिटे ठेवून डॉक्टर काय पाहतात?

४. कारण सांगा: लहान मुलांनाही प्रतिविष मोठ्यांइतकेच देतात.

५. वर्गात दोघांनी मिळून करून पाहा: एकाने चावलेला मुलगा व्हावे, दुसऱ्याने फळी व टॉवेल घेऊन त्याचा पाय सैल बांधावा. बांधलेल्या टॉवेलखालून एक बोट सहज जाते का, ते तिसऱ्याने तपासावे.

६. घरी आजी-आजोबांना विचारा: आपले पूर्वज कोकणातील कोणत्या गावाहून आले? तेथील सापांविषयी त्यांनी काही ऐकले आहे का? पाच-सहा ओळी लिहा.